सांध्याचा हिशेब

आमच्या रत्नागिरीच्या घरी फणसाच्या लाकडाचा एक जुना पाट आहे. तो उलटा केला की खाली दोन आडव्या पट्ट्या दिसतात आणि त्या पट्ट्यांना एकही खिळा नाही. फळीत आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी खाच कोरली आहे, आणि पट्टी एका बाजूने ठोकत ठोकत तिच्यात सरकवली आहे. डिंक नाही, सरस नाही. जुलैत हवेतलं पाणी पिऊन फळी रुंदीत फुगते तेव्हा ती पट्टीवरून किंचित सरकते, उन्हाळ्यात आखडते तेव्हा परत येते. पट्टी तिला वाकू देत नाही, पण अडवतही नाही. म्हणून दोन पिढ्या जेवून उठल्या तरी पाटाला ना बाक आला ना चीर गेली. घरी फर्निचर करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा पाट उलटा करून दाखवते.

कारण या विषयावर बोलायला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो लाकडाचा. स्वस्त कुठे मिळेल, जुनं घ्यावं का, प्लाय बरं की पाइन. लाकूड मिळतं हो. भंगारात मिळतं, वखारीत उरलेल्या तुकड्यांत मिळतं, शेजारी घराचं नूतनीकरण करतात तेव्हा जिन्याखाली पडलेलं मिळतं. मिळत नाही तो सांधा. दोन लाकडं एकमेकांना कशी धरतील, आणि वर्षानुवर्षं ओझं घेऊन कशी धरून राहतील, हे ज्ञान महाग आहे. सुताराला आपण मजुरी देतो ती मुख्यतः याच ज्ञानाची. तेव्हा कमी खर्चात घर सजवायचं तर सांधा कमीत कमी आणि सोप्यात सोपा असलेल्या वस्तू आपण कराव्यात, आणि अवघड सांधा विकत घ्यावा. एवढ्या एका कसोटीवर हा सगळा विषय घासून पाहिला की बराच गोंधळ निवळतो.

आपल्या जुन्या घरांनी हे फार आधी ओळखलं होतं. कोनाडा, दिवळी, फडताळ हे भिंतीतच असायचे. लाकूड लागायचं ते फळ्यांपुरतं आणि दारापुरतं. कपडे खुंटीवर, ताटं-वाट्या मांडणीवर, दही-दूध शिंक्यात. उभं राहणारं, चालतं-फिरतं फर्निचर अगदी थोडं. त्यातही बाज पाहा. चार पाय, चार दांड्या, आणि पायांना पाडलेल्या भोकांत दांड्यांची टोकं ठोकून बसवलेली. हे भोकांचं काम गावचा सुतार करी, कारण ते चुकलं तर बाज कुरकुरते. पण सुंभाने ती विणायची घरच्यांनी, आणि सैल पडली की पायथ्याची ताणदोरी ओढून पुन्हा घट्ट करायची तीही घरच्यांनीच. अवघड भाग कारागिराकडे, वेळखाऊ भाग घराकडे. माझ्या मते आजही याहून चांगली वाटणी सापडत नाही.

बाहेरच्या जगात या विषयाचा सर्वांत गंभीर विचार केला तो इटलीच्या एन्झो मारी यांनी. १९७४ साली मिलानमध्ये त्यांनी टेबलं, खुर्च्या, बाकं, पलंग, कपाट अशा १९ वस्तूंचे आराखडे मांडले. साहित्य काय, तर बाजारात तयार मिळणाऱ्या साध्या पाइनच्या फळ्या, खिळे आणि हातोडी. जो टपालखर्च पाठवील त्याला आराखडे मिळत. कुणीही करावं, फक्त कारखानदार आणि व्यापाऱ्यांनी ते विकायला घेऊ नये, एवढीच अट. मारी यांचा मूळ हेतू पैसे वाचवण्याचा नव्हता. माणसाने एकदा स्वतःच्या हाताने टेबल केलं की दुकानातल्या टेबलाची प्रत त्याला डोळ्यांनी कळू लागते, हे त्यांना हवं होतं. पुढे बर्लिनमध्ये आफ्रिकेतून आलेल्या निर्वासित तरुणांनी हेच आराखडे वापरून खुर्च्या केल्या आणि त्यांतून स्वतःचं काम उभं केलं.

मारींच्या आराखड्यांत खाचा-कुसू (खाचेत बसवायचं लाकडाचं टोक म्हणजे कुसू) जवळजवळ नाहीतच. फळीवर फळी ठेवायची आणि खिळे मारायचे. मग टेबल डगमगत कसं नाही? याचं उत्तर पायांमधल्या तिरक्या फळ्यांत आहे. चार काड्यांचा चौकोन टाचण्यांनी जोडा आणि कोपरा ढकला, तो लगेच तिरपा होतो. त्यात एक तिरकी काडी घाला, मग तो हलत नाही, कारण आता त्यात त्रिकोण झाले. ज्याला कुसू घालता येत नाही त्याने त्रिकोण घालावा. पुस्तकांच्या मांडणीला मागून पातळ प्लायचा पत्रा स्क्रूने पक्का केला की तोही हेच काम करतो. मागची पाठ लावायची राहिली म्हणून हलणाऱ्या मांडण्या मी कितीतरी पाहिल्या आहेत.

पुस्तकांची मांडणी हे घरी करायचं पहिलं मोठं काम असावं, असं मला वाटतं. माझंही तेच होतं. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत मी चार फूट लांबीच्या फळ्या दोन्ही टोकांना विटांच्या चळतींवर टेकवून मांडणी केली होती. दिवाळी येईपर्यंत प्रत्येक फळीला झोळ पडला. खाली राहणाऱ्या घरमालकांकडे दार दुरुस्तीला आलेले सुतारकाका वर डोकावले आणि म्हणाले, "ताई, फळीला बोल लावू नका. मधे आधार कुठाय?" त्यांनी मधे विटांची तिसरी चळत लावायला सांगितली, फळ्या उलट्या फिरवल्या, आणि महिन्याभरात त्या सरळ झाल्या.

त्यांच्या त्या एका वाक्यामागे पक्कं गणित आहे. फळीवर लांबीभर सारखं ओझं असेल तर टेकूंमधलं अंतर दुप्पट केल्यावर झोळ सोळापट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे जाड फळीवर पैसे घालण्यापेक्षा टेकू जवळ आणणं कितीतरी स्वस्त. दोन फूट लांबीत मराठी कादंबऱ्या उभ्या लावल्या तर वजन बारा-पंधरा किलो भरतं. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायला दोन फुटांच्या अंतरात हे ओझं सहज पेलतं. चार फुटांत तो वाकणारच.

आता एका पत्र्याचा हिशेब मांडून दाखवते. प्लायचा पूर्ण पत्रा ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. दुकानदार तो थोड्या पैशांत यंत्रावर सरळ कापून देतात, आणि घरच्या करवतीने आठ फूट सरळ कापत बसण्यापेक्षा हे पैसे जरूर द्यावेत. बहुतेक जण फूटभर खोलीची मांडणी करतात. पण आपली नेहमीची डेमी आकाराची पुस्तकं साडेपाच इंच रुंद असतात, दिवाळी अंकालाही आठ इंच पुरतात. म्हणून पत्र्यातून लांबीत २०० मिलिमीटर रुंदीच्या सहा पट्ट्या काढाव्यात. करवतीच्या पात्याने खाल्लेली जागा धरूनही त्या बसतात. त्यांतल्या चार पट्ट्यांतून १८३० मिलिमीटरच्या चार उभ्या बाजू निघतात आणि प्रत्येकीमागे ६०० मिलिमीटरचा एक तुकडा उरतो. बाकीच्या दोन पट्ट्यांतून प्रत्येकी चार, असे आठ तुकडे. झाल्या बारा आडव्या फळ्या. एका पत्र्यात सहा फूट उंचीच्या दोन मांडण्या! चांगल्या प्रतीच्या अशा पत्र्याला पुण्यात आज साधारण तीन-चार हजार रुपये पडतात. पाठीचा पातळ प्लाय आणि स्क्रू वेगळे. एवढी उथळ आणि उंच मांडणी मात्र भिंतीला बांधलीच पाहिजे. लहान मूल खालच्या खणावर पाय देऊन वर चढतं, हे लक्षात ठेवून बांधावी. नव्या इमारतींत भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यांत विटेच्या भिंतीसाठीचा साधा प्लग नीट धरत नाही, त्या ब्लॉकसाठी मिळणारा वेगळा प्लग मागून घ्यावा.

प्लाय घेताना पत्र्यावरचा शिक्का वाचावा. आयएस ३०३ हे घरगुती वापराच्या प्लायचं मानक. त्यात एमआर म्हणजे दमट हवा सोसणारी आणि बीडब्ल्यूआर म्हणजे उकळतं पाणीही काही काळ सोसणारी प्रत. आयएस ७१० ही सागरी प्रत, ओट्याखाली आणि न्हाणीघराजवळ तीच घालावी. कोकणात मी एमआर वापरायला कुणालाच सांगत नाही. स्क्रू पत्र्याच्या कडेत मारायचा असेल तर आधी बारीक ड्रिलने भोक पाडावं, नाहीतर प्लायचे थर फुटून उघडतात.

चाकण, भोसरी, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास भंगारवाल्यांकडे लाकडी पॅलेटांच्या थप्प्या दिसतात. त्यांचे सोफे, बैठकी, झाडांचे स्टँड करण्याची हौस आता सगळीकडे पोचली आहे. परदेशी मालासोबत आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीची खूण आणि दोन अक्षरं डागलेली असतात. एचटी असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलेलं असतं. ते घ्यावं. एमबी असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात आणू नये. खूणच नसेल तर ते देशी पॅलेट असतं. त्यावर तेलाचे, रसायनांचे डाग किंवा उग्र वास असेल तर मुलांच्या खोलीसाठी ते नकोच. पॅलेटच्या फळ्या पिळाच्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. पहारीने उचकटायला गेलं की फळीच फाटते. दोन लाकडांच्या फटीत लोखंड कापायचं पातं घालून खिळाच कापावा, डोकं फळीत तसंच राहू द्यावं. यात वेळ खूप जातो. एका पॅलेटच्या फळ्या सोडवायला, रंधा मारायला आणि काचकागदाने घासायला मला सुट्टीचा अख्खा दिवस लागतो. म्हणून पॅलेट न सोडवता जसंच्या तसं वापरता येत असेल, उदाहरणार्थ गादीखाली किंवा बैठकीच्या तळाला, तरच ते खरं स्वस्त.

याहून मोठं धन जुन्या लाकडात आहे. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात वाडे पाडले जातात तेव्हा तुळया, दारं, चौकटी विकायला येतात. शंभर वर्षं छपराखाली वाळलेला साग आहे तो. नव्या सागासारखा आता तो फारसा वळत नाही, आखडत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फिरलं तर पाय मोडलेलं टेबल, पाठ निखळलेली खुर्ची, शिलाई मशीनचा बिडाचा सांगाडा मिळतो. जुन्या लाकडात गाडलेले खिळे आधी लोहचुंबकाने शोधावेत, नाहीतर करवतीचं पातं पहिल्याच दिवशी जातं. आणि लाकडाखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर कीड जिवंत आहे असं समजावं. आंब्याच्या लाकडात हे फार.

खुर्ची तर जुनीच घ्यावी आणि दुरुस्त करावी, या मतावर मी ठाम आहे. खुर्चीत माणूस मागे रेलतो तेव्हा पाठीची उभी दांडी तरफेसारखी चालते आणि सगळा जोर मागच्या पायाच्या सांध्यावर येतो. सुतारकामातला हा सर्वांत कठीण सांधा. स्क्रू आणि फेविकॉलवर केलेली खुर्ची दोन वर्षांत खिळखिळी होते. उलट जुन्या चांगल्या खुर्चीचा कुसू फक्त सैल झालेला असतो. तो बाहेर काढायचा, जुना सरस खरवडून टाकायचा, नवा लावायचा आणि शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवायचा. खर्च जवळजवळ काही नाही, आणि सांधा मात्र एखाद्या जुन्या उस्तादाच्या हातचा मिळतो.

जुना रंग घासताना एक काळजी हवीच हवी. भारतात घरगुती रंगांतलं शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत असावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ श्वासात आणि मुलांच्या हातावर जाते. पाणी मारून ओला घासावा, तोंडाला चांगला मास्क लावावा, घरात गर्भवती बाई किंवा तान्हं मूल असेल तर हे काम घरात करूच नये.

तयार सुट्या भागांच्या फर्निचरने शहरांत या विषयाचं रूप पालटलं आहे. आयकियाने खोक्यात बसणारं, ग्राहकाने घरी जोडायचं फर्निचर १९५०च्या दशकात रूढ केलं. २०१८ मध्ये ते हैदराबादेत आणि २०२०च्या अखेरीस नवी मुंबईत तुर्भ्याला आलं. आता देशी दुकानंही तेच करतात. अकरा महिन्यांच्या करारावर घरं बदलणाऱ्यांना हे सोयीचं, हे मला मान्य आहे. पण त्यातल्या बऱ्याच वस्तू पार्टिकल बोर्डच्या असतात, म्हणजे लाकडाचा चुरा आणि राळ दाबून केलेल्या. त्या पाण्याने फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा नीट धरत नाही. माझं कपडे ठेवायचं कपाट तिसऱ्या स्थलांतरात असंच निकामी होऊ लागलं. तेव्हा प्रत्येक सैल भोक मोठं करून त्यात लाकडाची गोल खुंटी फेविकॉल लावून ठोकली, वाळल्यावर तिच्यात नवं भोक पाडलं. ते कपाट अजून उभं आहे.

अवघड सांधा विकत घ्यायचा सर्वांत सोपा रस्ता मात्र आपल्या नाक्यावरच असतो, आणि त्याचा विचार लोक फार कमी करतात. तो म्हणजे फॅब्रिकेशनवाला. एक इंची चौकोनी पाइपाची टेबलाची चौकट तो अर्ध्या दिवसात वेल्डिंग करून देतो. वेल्डिंगचा सांधा ढिला पडत नाही, पावसात फुगत नाही. आपण फक्त माप काढून द्यायचं, चौकट आली की काचकागद मारून लाल गंजरोधक रंगाचा हात द्यायचा, वर प्लाय किंवा जुन्या दाराची फळी बसवायची. अभ्यासाचं टेबल, स्वयंपाकघरातली मांडणी, पलंगाचा सांगाडा या सगळ्याला हे लागू पडतं. पलंगाच्या बाबतीत तर मी हाच मार्ग सुचवते. बाजेच्या काळात सुतार जे करायचा तेच हा वेल्डर आज करतो.

बांबू हा कोकणात राहणाऱ्यांचा हुकमी माल. सिंधुदुर्गातला माणगा भरीव आणि सरळ, फर्निचरला फार चांगला. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर वाढलेला बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला, तेव्हापासून स्वतःच्या बांधावरचा बांबू कापून वाहून नेणं सोपं झालं. कुडाळची कॉनबॅक ही संस्था २००४ पासून बांबूकामाचं प्रशिक्षण देते आहे. घरी करणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. बांबू पावसाळा संपल्यावर तोडावा आणि त्यातला पिष्टमय अंश काढून टाकावा, कारण भुंगेरा त्याच्यासाठीच येतो. जुने लोक त्यासाठी वाहत्या पाण्यात तो दोन-तीन आठवडे बुडवून ठेवत. आता बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवतात. आणि बांबूला खिळा कधीच मारू नये, तो लांबीत फाटत जातो. भोक पाडून बांबूचीच खुंटी घालावी आणि काथ्याने आवळून बांधावं.

हत्यारं फार लागत नाहीत. गुण्या, टेप, करवत, पटाशी, लहान रंधा, दोन-चार शिकंजे आणि दीड-दोन हजारांतलं ड्रिल मशीन. गुण्यावर मात्र पैसे वाचवू नयेत. काटकोन चुकला की पुढचं सगळं चुकतं. पॉलिशला जवसाचं तेल उत्तम, फक्त तेल लागलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवावी. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना आणि वाशांना लावतात. वाळवीला ते छान अडवतं, पण अंगाला लागलं तर कातडी भाजते, म्हणून बसायच्या-झोपायच्या वस्तूंना लावू नये.

दोन वस्तू घरी करू नयेत असं मी प्रत्येकाला सांगते. एक पाळणा, आणि दुसरा मुलांचा दुमजली पलंग. तिथे सांधा सुटला तर किंमत पैशांत मोजता येत नाही. खणांचे ड्रॉवरही पहिल्या वर्षी टाळावेत. मेमध्ये अंगाबरोबर बसवलेला ड्रॉवर जुलैत उघडत नाही.

आणि हे शिकायचं कुठे? १९३७च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीमने हातकाम शाळेच्या मध्यभागी आणलं होतं, पण बहुतेक शाळांत ते टिकलं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे आजही मुलं करवत आणि वेल्डिंग हातात धरून शिकतात. आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम आहे. आणि यांतलं काहीच जवळ नसेल तर घरी सुतार कामाला आला असताना रजा टाकून त्याच्या शेजारी बसावं. चहा द्यावा, फळी धरावी, विचारावं.

माझ्या भाचीने गेल्या मे महिन्यात असंच केलं. दहावीची परीक्षा झाली होती. रत्नागिरीला माळ्याची दुरुस्ती चालली होती, आणि ती आठ दिवस तिथल्या सुतारकाकांच्या मागे होती. शेवटच्या दिवशी तिने आजीला बसायला एक पाट केला, उरलेल्या फणसाच्या फळीचा. खालच्या पट्ट्यांना तिला खिळे ठोकायचे होते. काकांनी खिळ्यांचा डबा उचलून बाजूला ठेवला, जुना पाट उलटा करून तिच्यापुढे ठेवला आणि तिच्या हातात पटाशी दिली. तिची एक खाच जरा सैल झाली आहे, पट्टी हाताने ओढली तर निघते. पाऊस लागला की ती घट्ट बसते.